टोमॅटोला इस्त्री

माझा धंदा कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचा. त्यामुळे मला एक खोड लागली आहे. सुरकुती दिसली की हात शिवशिवतात. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे नवरीकडे बघतायत आणि मी तिच्या मामाच्या कोटाच्या बाहीकडे. बायको हा फोटो आल्यागेल्याला मुद्दाम दाखवते. ही खोड दुकानातच राहिली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. तरी गोष्ट माझी नाही, माझ्या आत्याची आहे. मी फक्त तिच्या अन्नात माती कालवली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उभा जन्म सॉसच्या कारखान्यात गेला, आणि तिथे तिचं काम होतं चव बघण्याचं. शिजत्या पातेल्यातून चमचाभर काढायचं, फुंकर घालायची, जिभेवर ठेवून डोळे मिटायचे आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. ती 'नाही' म्हणाली की मॅनेजरही मुकाट्याने पातेलं पुन्हा आचेवर चढवायचा. लग्न तिने केलं नाही. कोणी कारण विचारलंच तर म्हणायची, "आधी चाखून बघायची सोय असती तर केलं असतं." वडिलांना हे ऐकून दरवेळी ठसका लागायचा.

दिवसभर टोमॅटोच्या वासात उभं राहून आलेली बाई घरी आल्यावर गच्चीवर पुन्हा टोमॅटोच लावायची. पण ते वेगळे. तिच्या आजीच्या गावचं जुनं वाण, बाजारात कधीच न आलेलं, कारण साल इतकी पातळ की टोपलीत रचलं तर वरच्याच्या भाराने खालचं फुटायचं. देठापासून बुडापर्यंत खोल चुण्या, नाडी आवळलेल्या पिशवीसारख्या. पिकला तरी खांदे हिरवेच, त्यात एखादी भेग. घरात आम्ही त्याला 'चुणीवाला' म्हणायचो. दिसायला अगदी ध्यान, पण फोड तोंडात टाकली की बोलणारा माणूस मधेच गप्प व्हायचा. आत्या तो मिठाशिवाय खायची. कोणी मीठ मागितलं तर देण्याआधी त्याला नीट न्याहाळून घ्यायची.

तिचे गुडघे गेले तेव्हा गच्चीचा जिनाही गेला. मग तिने ते जुने ड्रम, काठ्या आणि चिमूटभर बी माझ्या ताब्यात दिलं. बी कसं धरायचं तेही शिकवलं. पिकलेल्या फळाचा गर पेल्यात काढायचा, वरून थोडं पाणी घालायचं, आंबून घाण वास सुटेपर्यंत हात लावायचा नाही, मग धुऊन ताटलीत पसरून सावलीत वाळवायचं. बायकोने तो वास सहन केला, मी धीराने पेला ढवळला, सगळं बरहुकूम केलं. बी कोणत्या फळाचं धरायचं, एवढं मात्र आत्याने सांगितलं नाही. ते कोणाला सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नसेल. तिला भाचा ओळखीचा होता, पण इतका नाही.

मी सगळ्यात गुळगुळीत फळ निवडलं.

त्यातच रोपवाटिकेतून एक तयार रोप आणून शेजारच्या ड्रममध्ये लावलं. भरघोस धरणारं, गोल, चकचकीत फळांचं. मधमाश्यांनी इकडचे पराग तिकडे नेले असणार. त्यांना मी बोल लावत नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. पुढच्या हंगामात चुणीवाल्याच्या काही झाडांना कमी चुण्यांची फळं आली आणि मला वाटलं, आपल्या हाताला यश आहे. मी त्यातलं सर्वांत सरळ फळ बियाला धरलं. त्याच्या पुढच्या हंगामात आणखी सरळ. दर वर्षी मी टोमॅटोची एकेक घडी मोडत गेलो, आणि शेवटी गच्चीवर असे टोमॅटो लागले की त्यांच्यावरून बोट फिरवलं तर कडक इस्त्रीच्या कॉलरची आठवण यावी. सालही जाड झाली, फळ आठवडाभर टिकू लागलं. मी ते दुकानात काउंटरवर मांडून ठेवायचो आणि गिऱ्हाइकांना सांगायचो, "घरचं जुनं वाण आहे. मीच सुधारलं." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा होता आणि मी त्याची मिरवणूक काढत होतो.

आत्या खालच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत. तिच्या पुढ्यात टोमॅटो जायचा तो ताटलीत, फोडी करून. सुरी तिच्या हातात थरथरायची म्हणून मीच कापून द्यायचो. एकदा ती म्हणाली, "अरे, हा तोच का?"

"तोच की. तुझंच बी."

"लागत नाही तसा."

"आत्या, वय झालं. आता जिभेलाही चष्मा लागायचा."

मी हसलो. माझ्या विनोदांना हसायचं काम बहुतेक वेळा मलाच करावं लागतं. डॉक्टरांना विचारलं, तर तेही म्हणाले, या वयात चव कमी होतेच, त्यात नवल नाही. आत्याने ते ऐकून घेतलं. नंतर आणखी दोनतीनदा तिने टोमॅटो तोच आहे ना म्हणून विचारलं. मी दरवेळी ठामपणे 'हो' म्हटलं. मग तिने विचारणं सोडलं.

पूर्वी ती स्वयंपाकघरात यायची तेव्हा बायकोच्या कपाळावर आठ्या पडायच्या. याला हळद जास्त झाली, ते करपलं, मटार जून आहेत. आता ती पुढे येईल ते खायची. छान झालंय म्हणायची, न मागता म्हणायची. पहिले काही दिवस बायकोला हायसं वाटलं. मग एकदा भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "अहो, त्यांनी नावं ठेवलेली परवडली. हे छान-छान ऐकवत नाही." आत्याचं खाणं निम्म्यावर आलं होतं. जेवायला बोलावलं की म्हणायची, "काय, पोटच भरायचं ना. नंतर बसते." ब्लाउज अंगावर लोंबायला लागले. मी काय केलं? ते आतून टाचून आणले आणि कडक इस्त्री करून दिले.

अशातच एके दिवशी झाकणवाल्या मावशी आल्या. कारखान्यात बाटल्यांना झाकणं बसवायच्या, म्हणून आत्या त्यांना आजही 'झाकणवाली' म्हणते आणि त्या रागावत नाहीत. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, बऱ्याच दिवसांनी आल्या होत्या. त्यांनी पिशवी उघडून टेबलावर टोमॅटो ठेवले. चुण्याचुण्यांचे, हिरव्या खांद्यांचे, एक तर वाटेतच फुटलेला.

"तूच दिलेलं बी, गं," त्या आत्याला म्हणाल्या. "कारखाना सोडताना दिलं होतंस ना. परसात लावत असते मी दर वर्षी."

खरं सांगतो, मला त्यांची कीव आली. मी म्हणालो, "मावशी, बी जुनंच राहिलं की तुमचं. आमच्याकडचं बघा." आणि धावत गच्चीवर जाऊन माझा एक चकचकीत टोमॅटो आणून त्यांच्या ओळीत ठेवला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं.

आत्याने फुटलेला टोमॅटो उचलला. सुरी मागितली नाही. तसाच चावला. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तो पुसायचंही तिला सुचलं नाही. डोळे मिटलेले. मी कितीतरी दिवसांनी तिला डोळे मिटून काही खाताना बघत होतो. देठ तेवढा उरला. मग तिने हात पुढे करून माझा टोमॅटो उचलला, अंगठा त्याच्यावरून फिरवला, सगळ्या बाजूंनी फिरवला, आणि एक घास घेतला.

"हा आपल्या गच्चीवरचा?"

"हो."

"मी इतके दिवस खात होते, तो हाच?"

"हो, आत्या."

ती घास चघळत बसली. तिच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून मी वाट बघत होतो. राग आला असता तर बरं झालं असतं. तिने लहान मुलीसारखं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग माझी जीभ गेली नव्हती?"

"नाही गेली," मी म्हणालो. "टोमॅटो गेला. मी घालवला."

सरळ फळं निवडल्याचं मी सांगितलं. शेजारच्या ड्रमचंही सांगितलं. मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आत्या हसली नाही. तिने उरलेल्या चुणीवाल्यांमधला सर्वांत वेडावाकडा निवडून बाजूला ठेवला. "हा बियाला," एवढंच म्हणाली. मी मान डोलावली. मग ती स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. तिथे बायको कधीची येऊन उभी होती.

"ए, इकडे ये," आत्या म्हणाली. "मागे तुम्ही दोघं लग्नाला गेला होतात आणि मी एकटीच जेवले होते. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं का गं?"

बायकोचा चेहरा पडला. "विसरले होते, आत्या. रात्री उरलेली भाजी घेऊन मी जेवायला बसले तेव्हा कळलं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं की तुम्हाला कळलंच नाही."

"कळलं होतं," आत्या म्हणाली. "पहिल्याच घासाला कळलं होतं. म्हटलं, हा इतकं सांगतोय, तर माझंच चुकत असेल. आणि ताटातली संपवली सगळी."

बायको आत गेली, गॅसवरच्या पातेल्यातून चमचाभर भाजी घेऊन आली, फुंकर घातली आणि चमचा आत्यासमोर धरला.