पंचवीस चोक

नागपूरच्या महाल भागातल्या गोपिकाबाईंशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या हाताला बसायचं, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डाव्या कानानं त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नसे. एखादी नवी शेजारीण चुकून डावीकडे बसलीच, तर गोपिकाबाई खुशाल मान डोलावत आणि भलतंच उत्तर देत, आणि बाकीच्या बायका पदर तोंडाला लावत. कान काही जन्माचा तसा नव्हता, तो शाळेत गेला. पोरी शाळेत जाऊन शहाण्या होतात म्हणतात. गोपिकाबाई शहाण्या झाल्याच, फक्त वर एक कान देऊन आल्या.

मानमोडीच्या तापाच्या साथीत त्यांचे आईबाप उमरेडकडच्या खेड्यात पाठोपाठ गेले. मामानं अंगावरचं ओझं उतरवावं तसं लग्न उरकलं आणि नऊ वर्षांची गोपिका नागपुरात नत्थूजींच्या घरी सून म्हणून आली. इतर पोरी न्हाण येईपर्यंत माहेरी राहत, पण हिला माहेरच उरलं नव्हतं. नत्थूजींचं इतवारीत धोतरजोड्यांचं लहानसं दुकान होतं. नवरा शंभू, नुकतं मिसरूड फुटलेला, बापाजवळ गज घेऊन बसे. घरात सासू सत्यवती, आणि गोपिकाच्याच वयाची नणंद देवकी.

देवकी बापाची लाडकी आणि डोक्यानं तल्लख. मुलींची शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती, पण वाटेत टांगेवाल्यांचा अड्डा, तिथली टवाळ पोरं. पोरीला एकटीनं कसं पाठवायचं?

"सुनेले धाडा सोबत," नत्थूजी म्हणाले. "दप्तर उचलंन, अन दोन अक्षरं शिकली त् काय बिघडलं?"

"काही बिघडत नाही," सत्यवती म्हणाली. "पण नापास झाली त् त्याच दिवशी चुलीपाशी बसवीन. मंग मले कोणी काही म्हणू नका."

अशी गोपिका शाळेत गेली, नणंदेचं दप्तर उचलायला. आणि तिला शाळा आवडली. तिथं कोणी तिला पाणी आण, राख टाक म्हणत नव्हतं. पाटीवर आकडा काढला की तो तिचा असे, पुसेपर्यंत दुसऱ्या कोणाचा नसे. ही जागा सुटता कामा नये एवढं तिला कळलं होतं, आणि त्या वयात एवढं कळणं पुष्कळ झालं.

शिकत शिकत दोघी पाचवीत आल्या. तो वर्ग रंभाबाईंकडे होता. पांढऱ्या लुगड्यातली काटकुळी बाई, कपाळ मोकळं, हात मात्र पहिलवानाचा. शिवणाच्या तासाला टाका चुकला की त्या तीच सुई बोटात टोचत. कवितेत अडखळलं की चिंचेचा फोक पायाच्या पोटरीवर. पण त्यांचं खरं राज्य तोंडी हिशेबाच्या तासाला असे. त्या प्रश्न टाकत, पोरी ओळीनं उत्तर देत, आणि जिचं उत्तर बरोबर येई तिनं उठून चुकलेल्या साऱ्या पोरींच्या थोबाडीत एकेक द्यायची. पोरी याला 'वाटप' म्हणत. देवळात शिरणी वाटावी तसं ओळीनं, कोणाला वगळायचं नाही. शिवाय मारताना नाव घेऊन उत्तर सांगायचं, म्हणजे गालावर आणि डोक्यात एकदमच बसतं, असा बाईंचा सिद्धांत. असल्या सिद्धांताला जाळायला हवं, पण त्या काळी पालक त्याचं कौतुक करत.

वाटप बहुतेक दिवशी देवकीचं असे. पहिल्यांदा ती वहिनीपुढे आली तेव्हा तिनं नुसता गालाला हात लावल्यासारखं केलं. थोरल्या भावाची बायको ती, वयानं बरोबरीची असली तरी मानानं मोठी. रंभाबाईंनी ते पाहिलं.

"इकडे ये," त्या देवकीला म्हणाल्या, आणि अशी एक ठेवून दिली की पोरगी जाजमावर बसली. "हातचा बेरजेत ठेवायचा असतो, थपडेत नाही. आता जा आणि नीट मार."

देवकी उठली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं वहिनीला नीट मारलं. त्या दिवसापासून नीटच मारू लागली, आणि पुढं पुढं तिला ते यायला लागलं.

आता कोणी म्हणेल, गोपिका ढ होती का? मुळीच नाही. पावकी, निमकीपासून औटकीपर्यंत अपूर्णांकांचे सगळे पाढे तिच्या जिभेवर होते. जात्यावर बसून देवकी पाढे घोके, ही समोर बसून जातं ओढे, आणि देवकीच्या आधी हिचं पाठ होई. अडायचं एकाच ठिकाणी. नवऱ्याचं नाव शंभू. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, त्यानं त्याचं आयुष्य तुटतं, आणि नावासारखा शब्दही घ्यायचा नाही. शेजारच्या रुपरावांची बायको रुपयाला 'बंदा' म्हणे. सोमवारी महादेवाच्या देवळात सगळ्या बायका 'शंभो' म्हणत तेव्हा गोपिका नुसते ओठ हलवी. तर मग शंभर हा आकडा ती कुठल्या तोंडानं उच्चारणार?

"पंचवीस चोक?" रंभाबाई विचारत.

"पाच विसा," गोपिका हळूच म्हणे.

"हा भाजीबाजार नाही. पंचवीस चोक?"

गोपिका गप्प. मग देवकी उठे. "वयनी, शंभर!" आणि थप्पड.

एकदा मागच्या ओळीतल्या कुसुमनं धीर करून सांगितलं, "बाई, तिच्या नवऱ्याचं नाव तसं आहे." रंभाबाईंनी आधी कुसुमला फोक लगावला आणि मग म्हणाल्या, "नवरे घरी ठेवून यायचे. शाळेत आकडा तो आकडा." झालं, पाढ्यातला तो एक आकडा रोज गोपिकाच्या वाट्याला येऊ लागला.

हात एकदा सैल सुटला की उंबऱ्याशी थांबत नाही. देवकीचा हात शाळेतून घरी आला. भाकर करपली, थप्पड. वेणी सैल घातली, थप्पड. सत्यवती हसली. "माही पोरगी मास्तरीण होऊन राहिली!" मग शंभूनं पाहिलं. धाकटी बहीण मारते आणि बायको सोसून घेते, तर आपण काय घोडं मारलंय? त्यानं गजानं मारलं. लोखंडी गज, कापड मोजायचा. गोपिकाच्या पाठीवर त्याची निळी रेघ कितीतरी दिवस होती.

आणि तरीही ती शाळेत जात राहिली. परीक्षा जवळ आली होती, ती घ्यायला शाळाखात्याचे डिप्टीसाहेब येणार होते. एका सकाळी दळता दळता ती एकटीच पाढा म्हणत होती आणि जात्याच्या लयीत तोंडातून निसटून गेलं, पंचवीस चोक शंभर. सत्यवती मागंच उभी होती.

"काय म्हणली वं? काय म्हणली तू? माह्या लेकराच्या जिवावर उठली काय?"

चुलीत चिमटा होताच. तिनं तो लाल केला आणि सुनेच्या खालच्या ओठावर टेकवला. मांस जळल्याचा वास देवकीलाही आला. ती तेव्हा दारात उभी राहून दप्तर भरत होती. त्या दिवशीही दोघी शाळेत गेल्या.

बाईंनी रोजच्यासारखा तोच प्रश्न विचारला. गोपिकाचा ओठ सुजून टरारला होता, पण गप्प राहायचं कारण ते नव्हतं. देवकीनं उठून मारलं. "पुन्हा," बाई म्हणाल्या. देवकीनं पुन्हा मारलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा देवकीचा हात उचललाच नाही. मग बाई स्वतः आल्या. पहिल्या तडाख्यात गोपिका भिंतीवर आदळली, दुसरा नेमका डाव्या कानावर बसला. आत काहीतरी फुटलं आणि मानेवर ऊन ओघळ आला. बोट लावून पाहिलं तर रक्त.

रंभाबाई धापा टाकत तिच्यावर वाकल्या होत्या. वर्गाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्या बोलल्या. "मी कधी नाव घेतलं नाही माझ्या नवऱ्याचं. एकदासुद्धा नाही, झोपेतसुद्धा नाही. तरी मेला. मानमोडीत गेला, तुझ्या आईबापासारखाच. कळलं?"

उजव्या कानानं गोपिकाला ते नीट ऐकू आलं. कळायला मात्र दोन-तीन दिवस लागले. तिची आईही बापाला 'अहो, ऐकलं का' याखेरीज काही म्हणत नसे. आणि तरी बाप आईच्या आधी गेला होता.

डिप्टीसाहेब आले. फेटा, कोट, तपकिरीची डबी. पोरींना नवी लुगडी, रंभाबाईंच्या हातात फोक नाही. साहेबांनी वाचन घेतलं, नकाशावर नर्मदा दाखवायला लावली, मग मिशीला पीळ देत म्हणाले, "पाठ केलेलं सगळेच सांगतात. साडेबारा अठ्ठे किती?"

हे कोणाच्याच पाढ्यात नव्हतं. ओळ सुरू झाली. नव्वद. एकशेचार. माहीत नाही. देवकीची पाळी आली. तिनं डोळे मिटले, बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "शहाण्णव." वरच्या अर्ध्याची निमकी विसरली होती. ओळीच्या शेवटी गोपिका. बारा अठ्ठे शहाण्णव, आठ निमे चार. पुढचा शब्द तिला दिसत होता. सबंध वर्गाला दिसत होता. देवकीही वळून तिच्याकडे पाहत राहिली.

ओठावरची खपली ताणली गेली आणि फुटली.

"शंभर," गोपिका म्हणाली. मग कोणी विचारलं नसताना आणखी मोठ्यानं, "शंभर."

"शाबास!" साहेब म्हणाले. आणि रंभाबाई, रीत ती रीत, म्हणाल्या, "ऊठ. वाटप कर."

साहेबांनी हरकत घेतली नाही, त्यांना शिस्त पाहायचीच होती. गोपिका ओळीनं निघाली. मारणं तिला कोणी शिकवावं लागलं नाही, ती रोज शिकतच होती. एकेक गाल वाजत गेला. देवकीपुढं आली तेव्हा देवकी ओठ न हलवता कुजबुजली, "वयनी, मले मारलं त् घरी सांगून देईन. तू दादाचं नाव घेतलं."

गोपिकानं तिला आजवर वन्संखेरीज दुसऱ्या कशानं हाक मारली नव्हती. "देवकी," ती म्हणाली, "शंभर!" आणि सगळा वर्षभराचा हात तिच्या थोबाडावर आणला. देवकीच्या नाकातून रक्त आलं. खरं सांगायचं तर गोपिकाला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली आणि ती जागेवर येऊन हात मांडीखाली दाबून बसली.

ती पास झाली. वर्गात पहिली.

देवकीनं घरी सांगितलं. नाव घेतलं हेही, नाक फोडलं हेही. त्या संध्याकाळी शंभूनं गज उचलला आणि सत्यवतीनं चिमटा, आणि नत्थूजी दुकानाचा हिशेब राहिला म्हणत बाहेर निघून गेले. गोपिका ओरडली नाही. एकदाच तिनं तोंड उघडलं. "आत्याबाई, मी सकाळीच म्हणलं व्हतं. हे पाहा, हे अजून उभे हायेत. मले मारून राहिले." त्यावर जे पडलं ते आणखी जोरात पडलं, पण शंभूचा हात क्षणभर थांबला होता.

"उद्यापासून शाळा बंद," सत्यवती म्हणाली. "सुनेची."

दुसऱ्या दिवशी देवकी दप्तर भरून ओसरीवर उभी राहिली. उन्हं अंगणात आली. कोणी निघेना.

"माय, मी जाऊ?"

"एकटी? टांगेवाल्याइच्या अड्ड्यावरून? काहून, लाज सोडली काय?" सत्यवती आतूनच म्हणाली. "ठेव ते दप्तर. लय झालं शिकणं."

देवकीला हे सुचलंच नव्हतं. वहिनीची शाळा गेली म्हणजे आपलीही गेली, ही साधी वजाबाकी वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीला आली नव्हती. ती बापाकडे रडली, दोन वेळा जेवली नाही. नत्थूजी म्हणाले, पुढल्या वर्षी पाहू. पुढल्या वर्षी त्यांनी तिच्यासाठी स्थळ पाहिलं.

तोवर दोघी जात्यावर. समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. कितीतरी दिवस एकमेकींशी अवाक्षर नाही. देवकीचा हात खुंट्यावर सरकला तरी गोपिकाची मान आपोआप चुकवल्यासारखी मागं जाई. देवकीनं ते पाहिलं, आणि त्यानंतर ती हात अगदी हळू हलवू लागली.

मग एका सकाळी देवकीनं पाढा धरला. सवयीनंच. पंचवीस एके पंचवीस. पंचवीस दुणे पन्नास. तिसऱ्याला गोपिकाचा आवाज मिसळला, पंचवीस त्रिक पंच्याहत्तर. पंचवीस चोक—

देवकी थांबली. वहिनीच्या ओठावरचा डाग तिच्या अगदी समोर होता. तिनं तोंड उघडलं, वहिनीच्या वाटचं आपण म्हणून टाकावं म्हणून. तिच्या भावाचं नाव, तिला मुभा होती.

"शंभर," गोपिका म्हणाली. सरळ, खणखणीत.

स्वैपाकघरात भांडं आपटलं. "कोण म्हणलं वं ते?" सत्यवतीचा आवाज आला, आणि पाठोपाठ चुलीतून चिमटा ओढल्याचा.

गोपिकानं खुंटा सोडला नाही. देवकी उठली, जात्याला वळसा घालून वहिनीच्या उजव्या बाजूला येऊन बसली, आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली,

"मी म्हणलं, माय. मी."