साडेदहाची जीप

सुपारीच्या वाडीला पाणी लावून नुकता चहाला बसलो होतो, तेवढ्यात नाक्यावरच्या हॉटेलवाल्याचा फोन आला. "सर, साडेदहा गेले. पहाटे झोपेतच गेले." बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, हा बाबा एसटीबद्दल बोलतोय. मी मात्र चहा तसाच टाकून उठलो. साडेदहा म्हणजे हिरामण पाटील. आमच्या कुंपणापलीकडचा शेजारी, अडतीस वर्षांपासूनचा मित्र आणि श्रीवर्धनच्या खालच्या अंगाला, तांबड्या पुळणीवर जीप घेऊन जाणारा एकमेव माणूस. हे साडेदहा नाव त्याला कसं पडलं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणामुळे पडलं, ते मात्र फक्त मला ठाऊक होतं… निदान तो गेल्यावर महिनाभरापर्यंत माझी तशी समजूत होती.

हिरामण मूळचा पेणकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. उधाणाचं पाणी आगरात कधी घ्यायचं आणि ते अडवायची फळी कधी पाडायची, हे त्याला चालायला शिकण्याआधीच कळत असावं. पुढं ट्रकवर गेला, सुपारी भरायला आमच्याकडं यायला लागला आणि इथल्याच मुलीशी लग्न करून इथलाच झाला. ट्रकचा कंटाळा आल्यावर त्यानं कुठल्याशा लिलावातून एक जुनी जीप आणली. चारही चाकांना जोर असलेली. रंग उडालेला, दारं नाहीत, हॉर्न बकरीसारखा. माझी बायको सुमन म्हणाली, "भाऊजी, हिला ठेवायची कुठं, गोठ्यात?" हिरामण म्हणाला, "वहिनी, हसा आता. ही जाईल तिथं तुमची एसटी जनमात जायची न्हाय." आणि तसंच झालं.

तांबड्या पुळणीला रस्ता नाही. डांबर संपतं, मग जांभ्याच्या धोंड्यांचा उतार, त्यानंतर खाडीचं मुख, आणि खाडी ओलांडली की मैलभर भुसभुशीत वाळू. साधी गाडी पहिल्याच उतारावर हात टेकते. पलीकडं वीस-पंचवीस घरांचा कोळीवाडा आहे आणि त्याच्यासमोर समुद्र असा काही लाटा घेऊन येतो की बघत राहावं. त्या लाटांसाठीच एकदा पुण्याची तीन पोरं गाडीच्या टपावर फळ्या बांधून आली. हिरामणनं सगळं नीट विचारून घेतलं. लाटेवर उभं राहायचं? हो. मग? मग किनाऱ्यापर्यंत यायचं. मग? मग पुन्हा आत जायचं. हिरामणनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, म्हंजे आपल्या जिनगानीसारखंच." पोरं खो-खो हसली आणि त्या दिवसापासून त्याची गिऱ्हाईकं झाली. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं दहांना. मी सुट्टीच्या दिवशी पुढच्या सीटवर ठाण मांडून बसायचो. खाडीपाशी आला की हिरामण उतरायचा, चारही चाकांतली हवा कमी करायचा, पाण्याला हात लावून तोच हात कपाळाला लावायचा आणि मगच गाडी पाण्यात घालायचा.

तर तिथीचं सांगतो. आमच्याकडं भरतीचा हिशोब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि त्याच्या सहा तास आधी, नऊला, ओहोटी. ओहोटीच्या दोन तास अलीकडं, दोन तास पलीकडं खाडी जीपला वाट देते. हिशोब हिरामणला तोंडपाठ असायचा, पण कॅलेंडरातली बारीक अक्षरं त्याला चाळिशीनंतर दिसेनात. चष्मा घ्यायला तो तयार नाही. "चष्मेवाल्या ड्रायव्हरच्या गाडीत कोन बसंल?" त्यामुळं रिवाज असा पडला की तो सकाळी कुंपणावरून ओरडायचा, "मास्तर, तिथी?" आणि मी आत जाऊन बघून सांगायचो. मी शाळेत भूगोल शिकवायचो. भरती-ओहोटीचा धडा तर असा रंगवायचो की मधली सुट्टी झाली तरी पोरं उठायची नाहीत. हिरामणला माझ्या शिक्षणाचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान.

बारा वर्षांपूर्वीचा मे महिना. हिरामण आठवडाभर पुतण्याच्या लग्नाला पेणकडं गेलेला. त्यांच्याकडची हळद म्हणजे काय विचारता! आदल्या रात्री परतला तो आवाज बसवून आणि तिथी-वार सगळं हळदीत बुडवून. आभाळही आठ दिवस भरलेलं, चंद्र कुणी बघितलेला नाही. सकाळी कुंपणावरून घोगरी हाक आली, "मास्तर, तिथी?" मी दाढी करत होतो. पुढच्या खोलीपर्यंत जायचा कंटाळा केला, फेसाळल्या तोंडानं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात डोकावलो आणि ओरडलो, "षष्ठी!" षष्ठी म्हणजे साडेचारला भरती, साडेदहाला ओहोटी. वेळच वेळ आहे म्हणत आम्ही निवांत न्याहारी करून निघालो. मागं पुण्याची तीच तीन पोरं आणि त्यांच्या फळ्या. उतारावर त्यांतला एक जण म्हणाला, "काका, सकाळी फोनवर बघितलं तेव्हा ओहोटी साडेसातला दाखवत होती." हिरामण मागं वळूनही न बघता म्हणाला, "तुमच्या फोनला खाडी म्हाईत न्हाय. आमच्या मास्तरला म्हाईत हाय." माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

दहा वाजता खाडीपाशी पोहोचलो. हिरामण पाण्याकडं बघत जरा थांबला. "मास्तर, पानी वाईच जास्त वाटतं." मी म्हणालो, "वर डोंगरात वळीव पडला असेल. अजून अर्धा तास उतरणारच आहे." भूगोलाचा मास्तर बोलतोय म्हटल्यावर झालं. हिरामणनं पाण्याला हात लावून नमस्कार केला आणि गाडी घातली. खाडीच्या मध्यावर पुढचं चाक खचलं, मग मागचं, आणि पाणी उतरायच्या ऐवजी चढायला लागलं. आधी पायाला, मग गुडघ्याला, मग सीटला. पुण्याच्या पोरांनी फळ्या पाण्यात टाकल्या आणि मला पोहता येत नाही हे कळल्यावर एका फळीवर मला पालथा घातला. गावातला सगळ्यात कडक मास्तर, पँट-शर्टात, चपला दातात धरून, दोन्ही हातांनी फळी कवटाळून खाडी पार करतोय… किनाऱ्यावर सगळा कोळीवाडा जमलेला. माझं सर्फिंग ते तेवढंच.

हिरामण गाडी सोडायला तयार होईना. छातीइतक्या पाण्यात स्टिअरिंग धरून उभा. शेवटी कोळ्यांनी होड्या ओढायचा जाड दोर आणला, हिरामण पाण्यात बुडी मारून तो गाडीला बांधून आला आणि बायाबापड्यांसकट वीस-पंचवीस माणसांनी ती जीप बाहेर ओढली. सगळे धापा टाकत वाळूत बसले. तेव्हा पारूमावशी, कोळीवाड्यातलं सगळ्यात जुनं खोड, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रं हिरामन, मिठागरवाल्याचा पोर ना तू? आन तुला पानी चुकलं?" हिरामण ओशाळून म्हणाला, "मावशी, माजा हिसाब चुकला. साडेदहाची ओहोटी धरली." मावशी म्हणाली, "वा रं वा, साडेदहा!" झालं. संध्याकाळपर्यंत ते नाव खाडीच्या अलीकडं येऊन पोहोचलं होतं.

रात्र कोळीवाड्यातच काढून दुसऱ्या दिवशी घरी आलो आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरकडं लक्ष गेलं. ते गेल्या वर्षाचं होतं! मे महिन्याच्या पानामागं कैरीच्या लोणच्याची कृती होती म्हणून सुमननं ते टाकलं नव्हतं, आणि लोणच्याचे दिवस म्हणून नेमकं तेच पान उघडं. या वर्षीची तिथी होती द्वितीया. दीडला भरती, साडेसातला ओहोटी. पुण्याच्या पोराच्या फोननं सांगितलेली. म्हणजे हिरामणचा हिशोब अगदी बरोबर होता. चुकलो होतो मी. आता जाऊन सांगतो, असं म्हणत आधी अंघोळीला गेलो, केसातली वाळू निघता निघेना. बाहेर आलो तर हिरामण स्वयंपाकघरात सुमनच्या हातचा चहा पीत बसलेला. मी तोंड उघडणार, तोच म्हणाला, "मास्तर, फळीवर लई शोभला हो तुमी!" आणि असा हसला की माझं बोलणं राहिलं ते राहिलंच. उद्या सांगू म्हटलं. त्या उद्याची बारा वर्षं झाली.

बारा वर्षं पोरं त्याला साडेदहा काका म्हणत होती, लग्नपत्रिकेवर कंसात साडेदहा छापून यायचं. पाण्यातला एवढा जाणता माणूस, पण कुठंही पाण्याची गोष्ट निघाली की लोक डोळे मिचकावायचे. तोही हसायचा. मी मात्र प्रत्येक वेळी चप्पल शोधायला लागायचो. एक वाक्य बोललो असतो तर ते नाव त्याच्या अंगावरून निघालं असतं. पण वर्गात भरतीचा धडा शिकवणाऱ्या मास्तरचं काय झालं असतं? भित्रेपणा म्हणतात तो हाच. आणि हा भला माणूस त्याच वर्षापासून दर डिसेंबरअखेर काखेत नवं कॅलेंडर घेऊन आमच्याकडं यायचा. स्वतः स्टुलावर चढायचा, जुनं काढायचा, नवं लावायचा, आणि जुन्यावर देवाचं चित्र आहे म्हणून ते खाडीत सोडायला घेऊन जायचा. सुमन लोणच्याचं पान मागायची तर म्हणायचा, "वहिनी, लोनचं तुमाला झोपंतपन येतं." मला वाटायचं, किती जीव लावतो हा शेजारी.

तो गेल्यावर महिनाभरानं त्याची मुलगी सुरेखा कुंपणाशी आली. माझीच विद्यार्थिनी, आता अठ्ठावीसची, बापासारखाच हात गाडीवर बसलेला. म्हणाली, "सर, रविवारी पाहुणे आहेत. बाबांच्या मागं पहिलीच फेरी आहे. तुम्ही पुढं बसाल?" मी मनाशी ठरवलं, आता हिला तरी सांगायचंच. रविवारी सकाळी तिथी चार वेळा बघितली. पुढच्या खोलीत, मग फोनवर, मग पंचांगात, मग पुन्हा पुढच्या खोलीत. खाडीपाशी सुरेखा उतरली, चाकांतली हवा कमी केली, पाण्याला हात लावून कपाळाला लावला. परत येऊन बसली आणि समोर बघत विचारलं, "सर, तिथी?"

"एकादशी," मी म्हणालो. "सव्वादोनला ओहोटी."

"कुठल्या वर्षाची?"

मी तिच्याकडं वळून बघितलं. ती गालातल्या गालात हसत होती. अगदी हिरामण. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात चहा पिताना हिरामणला तिथी दिसली नसली, तरी वरचा वर्षाचा मोठा आकडा दिसला होता. घरी जाऊन त्यानं बायकोला आणि मुलीला सांगितलं आणि दोघींना शपथ घातली. सोळा वर्षांची सुरेखा तेव्हा चिडली होती. लोक तुम्हाला हसतात, खरं सांगून टाका की! तर म्हणाला, "मला हसले तर काय बिगडतं? पन मास्तरला वर्गात हुबं ऱ्हायाचं हाय. पोरांनी त्याला हसाया नको." बारा वर्षं, बारा कॅलेंडरं… आणि मी त्याला शेजारधर्म समजत होतो! मला रडूच कोसळलं. मागं बसलेले पाहुणे गडबडले, बहुतेक त्यांना वाटलं म्हातारा पाण्याला घाबरला. सुरेखानं गाडी पाण्यात घातली आणि ती खाडी अशी अलगद पार झाली की पाण्याचा शिंतोडा आमच्या पायांनाही लागला नाही.

पलीकडं पारूमावशी सुकत घातलेल्या जाळ्याशी बसली होती. आता नजर गेलीय, पण जीपचा आवाज ओळखते. मी खाली उतरलो, तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, वर्गात बोलायचो तसं, सांगून टाकलं. चूक माझी होती, कॅलेंडर माझ्या घरचं होतं, हिरामणला पाणी कधीच चुकलं नव्हतं. मग मावशी म्हणाली, "तरी मी म्हनलं, मिठागरवाल्याचा पोर चुकंल कसा." आणि मान वर करून, हात पुढं करून माझा हात चाचपत म्हणाली, "मंग आता साडेदहा कोन? तू ना रं?" सगळा कोळीवाडा हसला. मीही हसलो. डोळे पुसत हसलो. इतकं हलकं मला बारा वर्षांत वाटलं नव्हतं.

डिसेंबरअखेर सुरेखा काखेत कॅलेंडर घेऊन आली. हिरामणनं दिवाळीतच दोन आणून ठेवली होती, एक त्यांचं, एक आमचं. मी तिला स्टुलावर चढू दिलं नाही. स्वतः चढलो, जुनं काढलं, नवं लावलं आणि जुनं खाडीत सोडून आलो. सुमननं लोणच्याचं पान मागितलं नाही.

आता जीप निघायची असली की सकाळी कुंपणापलीकडून बकरीसारखा हॉर्न वाजतो आणि हाक येते, "साडेदहा सर, तिथी?" मी आत जातो. आधी वर्षाचा आकडा बघतो, मग तिथी.