नंदिगड्ड्याची गाडी एक तास आधी

"आज्जी, सुधारणा अशी घाईनं होत नसते!"

"मग उशिरानं होत्ये व्हय?"

जोयड्याच्या स्टँडवर कंट्रोलर साहेबांचं आणि माझं अर्धा तास हेच चाललं होतं. आमच्या नंदिगड्ड्याची गाडी जोयड्याला पोचते अकराला, इथली शाळा भरते दहाला. माझी नात गिरिजा दहावीला. पहिल्या तासाला तिची हजेरीच लागेना. हेडमास्तरांनी सांगून टाकलेलं, "असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही." गाडी एक तास आधी सोडा, एवढंच माझं मागणं.

तसे या गाडीचे किस्से इतके साठलेत, की आत मावायचे नाहीत. टपावर टाकावे लागतील!

*

गाडीच्या नाकाला मोठा पोचा होता. आमचा भाग कर्नाटकात, म्हणून गाडीचा बोर्ड कन्नडमध्ये. तो वाचणारी मी एकटी, तीही बघून बघून शिकलेली. बाकीच्या बायका पोचा बघून चढायच्या. मी खानापूरला गेले होते, तेव्हा डेपोनं पोचा काढून गाडी रंगवली. कुणाला सांगितलं नाही. कंडक्टर "हत्त्री, हत्त्री, चढा!" म्हणून ओरडतोय आणि बायका ढिम्म.

शेजारची शांताक्का म्हणाली, "आमची न्हवं ही. आमची गाडी येवढी बरी न्हाई!"

गाडी रिकामी गेली.

*

मग स्टँडवर तक्रारपेटी आली. किल्ली जिल्ह्याला. वर्षभर पेटी उघडली नाही, म्हणून मी स्वतःच्या हातानं तक्रार लिहिली, "पेटी उघडत नाही."

आणि टाकली कुठं? पेटीत! दुसरी सोयच नव्हती.

*

एक सुधारणा मात्र त्याच दिवशी लागू झाली. गाडी थांब्याच्या बोर्डापाशीच थांबणार. बोर्ड रानात. तिथं चढणार कोण, गवे? बोर्ड हलवा म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, "विचार चालू आहे."

आमच्या महादू गावड्यानं पहारीनं बोर्ड उपटला आणि स्वतःच्या अंगणापुढं रोवला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं मुकाट तिथं ब्रेक मारला. आजही तिथंच मारतात.

*

तर त्या दिवशी कंट्रोलर साहेब शेवटी नरमले.

"ठीक आहे आज्जी. वेळ बदलतो. पण टप्प्याटप्प्यानं. दर महिन्याला पाच मिनिटं आधी."

मी बोटं मोजली. तासाला वर्ष लागणार. गिरिजाची परीक्षा चार महिन्यांवर.

आमची गाडी समोरच उभी, ड्रायव्हर चहाला गेला होता. मी त्याच्या बाजूचं दार उघडलं, लुगडं सावरून वर चढले आणि त्याच्या सीटवर बसले. दोन्ही हात स्टेअरिंगवर.

साहेब धावत आले. "आज्जी, उतरा! सुटायची वेळ झाली, लोक खोळंबलेत!"

"उतरते की साहेब. म्हयन्याला एक पायरी!"