सात कलमांचं संरक्षण खातं

मास्तरांच्या सात हापूस कलमांना पहारा होता: एक खुर्ची, एक शिट्टी आणि ते स्वतः. शाळेत त्यांनीच मला नागरिकशास्त्र शिकवलं. पुढे माझी दोनशे कलमांची बाग झाली आणि दगडी गडग्यापलीकडे मास्तरांची ती चिमूटभर पट्टी. गेल्या वर्षी मास्तर गेले.

"लहान देशाला सैन्य परवडत नाही रे बाळ्या, आणि सैन्य नसणं त्याहून परवडत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वानरांसाठी मी नेपाळी राखणदार ठेवला, त्याच आठवड्यात मास्तर शिट्टी घेऊन खुर्चीत बसले ते सूर्य बुडेपर्यंत. मी थोराड कुत्रा आणला, त्यांनी पावाएवढा आणला. मी कॅमेरे लावले, त्यांनी बंद पडलेला रेडिओ फांदीला टांगला.

"अहो, हा रेडिओ आहे."

"तू जवळून बघतोयस. शत्रू लांबून बघतो."

"शत्रू म्हणजे वानरच ना?"

"सध्या," मास्तर म्हणाले.

मास्तरांच्या घरी काकू वैतागलेल्या. मास्तरांचा तो कुत्रा माशाशिवाय जेवत नसे. "सैन्याला बांगडा आणि प्रजेला कुळथाची पिठी," त्या मला ऐकवायच्या.

एका एप्रिलात माझा कुत्रा पलीकडे गेला. त्याला आणायला गडगा ओलांडला आणि सहज वर पाहिलं. सातही कलमांवर एक आंबा नाही! मोहोर करपून गेलेला. मला हसूच फुटलं. "मास्तर, राखता काय? पानं?"

ते हसले नाहीत. "आंबा नाही हे तुला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पट्टी मागायला आला असतास. सहा वर्षं गणपतीत येतोस आणि आरती संपायच्या आत विचारतोस, मास्तर, विकता का? ही जमीन माझ्या लेकीसाठी, सुमीसाठी आहे. खेडला दिलीय तिला, नवऱ्याचं काही खरं नाही. पैशाला माझा हात असा आखडलेला, एखाद्या वर्षी हो म्हणून बसेन. त्याची भीती वाटते मला."

गडग्याच्या फटीत शिरावं असं झालं मला. "परत नाही विचारणार. तुम्हाला नाही, तुमच्यामागे सुमीलाही नाही."

"तोंडी तह टिकत नाहीत," मास्तर म्हणाले. काकूंनी कागद आणला. मास्तरांनी मजकूर सांगितला, डावीकडे समास सोडायला लावला, आणि मी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची रिकामी दिसली. धावत गेलो तर काकू पडवीत तांदूळ निवडत बसलेल्या.

"हळू बोल रे. झोपलेत. सहा वर्षांत पहिल्यांदा दुपारचे आडवे झालेत."

आतून मास्तरांचं घोरणं ऐकू येत होतं. एवढी वर्षं ते वानरांमुळे नाही, माझ्यामुळे जागे होते. मी चपला हातात घेऊन परत आलो.