उसना दिलेला शिक्का

मी जन्मजात भित्री. शाळेत बाईंनी "दंगा कोणी केला?" असं विचारलं की न केलेल्या दंग्यानेही माझे कान लाल व्हायचे. अशा बाईने धंद्यात पडू नये, असं माझ्या आईचं स्पष्ट मत होतं. मी पडले, आणि तेही भागीदारीत.

आमचा धंदा पॅलेटचा. परदेशी जाणारा माल ज्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवर रचतात, ती पॅलेट. न्हावा शेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर आमच्या शेडसमोरून दिवसभर रेंगाळत जायचे आणि त्यातल्या बऱ्याच कंटेनरांच्या पोटात आमच्या फळ्या असायच्या. लाकूड चाचांचं आणि कागद माझे. चाचा म्हणजे माझे भागीदार, पनवेलच्या जुन्या वखारवाल्या मुसलमान घरातले, तेव्हा साठीला टेकलेले. मी त्याआधी दहा वर्षं एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कारकुनी केलेली, म्हणून सरकारी फॉर्म मला तोंडपाठ होते. "इंग्रजी हिचं, जबान माझी," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. जबान म्हणजे दिलेला शब्द. मला ही वाटणी मोठी मजेशीर वाटायची.

धंद्याचा जीव होता एका लाकडी मुठीच्या शिक्क्यात. लाकडात कीड असते आणि ती बोटीतून दुसऱ्या देशात गेली तर तिथली जंगलं पोखरते, म्हणून फळ्या भट्टीत गाभ्यापर्यंत तापवाव्या लागतात. तापवल्या की त्यावर शिक्का मारायचा. शिक्क्यावर आमचा सरकारी नंबर होता. तो नंबर असलेली फळी जगात कुठेही सापडली, तरी तिचे आईबाप आम्हीच. शिक्का माझ्या टेबलाच्या खणात कुलपात असायचा आणि मारायचा फक्त मिस्त्रीने. मिस्त्री जवळच्या विचुंबे गावचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. एका दुपारी समोरच्या शेडचा मालक घामाघूम होऊन आला. तोही पॅलेटवाला, म्हणजे म्हटलं तर स्पर्धक. पण माझी आई दवाखान्यात होती तेव्हा त्याच्या बायकोने आठ दिवस न चुकता डबा पाठवला होता. त्याचं लायसन्स नूतनीकरणाला गेलेलं, शिक्का जमा झालेला, आणि ट्रेलर दारात उभा. संध्याकाळपर्यंत कंटेनर बंदराच्या गेटातून आत गेला नाही तर बोट चुकणार होती. "ताई, माल तापवलेला आहे हो. फक्त शिक्का द्या. दोन तासांत आणून देतो."

चाचा लाकूड बघायला बाहेरगावी गेले होते. मिस्त्री खाली मान घालून खिळे ठोकत होता. मी खण उघडला आणि शिक्का दिला.

आता वाटतं, मी त्याला शिक्का दिलाच नव्हता, वाटीभर साखर दिली होती. आम्ही ज्या चाळीत वाढलो तिथे दारात वाटी घेऊन आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. त्याच्यावरही तेच संस्कार असावेत. कारण दोन तासांनी शिक्का परत आला तो पावशेर पेढ्यांच्या पुड्यावर ठेवून. उसनी वाटी रिकामी परत करायची नसते ना! आम्ही पेढे खाल्ले. मिस्त्रीने मात्र त्याचा पेढा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि "ताई, शेठना सांगा बरा," एवढंच म्हणाला. सांगते म्हटलं आणि विसरले. विसरले हे खरं नाही. चाचा चिडतील म्हणून टाळलं.

दोनेक महिन्यांनी एका शनिवारी सरकारी खात्याचं पत्र आलं. परदेशातल्या एका बंदरात कंटेनर अडवला होता, पॅलेटमध्ये जिवंत अळ्या निघाल्या होत्या आणि फळ्यांवर नंबर आमचा होता. बुधवारी अधिकारी तपासणीला येणार, सर्व नोंदी तयार ठेवाव्यात. मी पत्र चाचांना मराठीत वाचून दाखवलं. निर्यातदाराच्या नावापाशी पोचले आणि ते नाव दोनदा वाचलं. ते गिऱ्हाईक आमचं नव्हतं. ते समोरच्याचं होतं.

चाचा घाबरले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी सहज विचारलं, "बेटा, आपला शिक्का कधी बाहेर गेला नव्हता ना?"

"नाही हो चाचा," मी म्हणाले.

खोटं बोलायचं असं ठरवलं वगैरे काही नव्हतं. चटका बसल्यावर हात मागे येतो तसं ते 'नाही' आपोआप आलं. आणि एकदा आल्यावर त्याला परत गिळायची ताकद माझ्यात नव्हती. "मग झालं," चाचा म्हणाले, "कुणीतरी नकली शिक्का बनवलाय. मी बोलेन साहेबांशी." ते निवांतपणे चहा प्यायले. माझ्या कपातल्या चहावर साय धरली.

शनिवार ते बुधवार मी कशी जगले ते मलाच ठाऊक. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर वाजणारा फोनही उचलत नव्हते. लायसन्स गेलं तर शेड बंद, शेड बंद तर नऊ माणसं घरी. त्यात भट्टीवर काम करणारी दोन कातकरी जोडपी होती. त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच वीटभट्टीची आगाऊ उचल नाकारून आमच्याकडे काम धरलं होतं. त्यांच्यातल्या एकीने सोमवारी मला विचारलं, "ताई, बरं नाय का तुमाला?" मी तिच्यावर उगाच खेकसले. पोलीस येतील का, पेपरात नाव येईल का, खारघरच्या कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीला मैत्रिणी काय म्हणतील, इथपर्यंत माझी मजल गेली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि माझ्यामागे तर त्याचं अख्खं कुटुंब लागलं होतं.

सोमवारीच समोरचा येऊन गेला. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा. माल नीट तापवलेला नव्हता, हे त्याने आत्ता कबूल केलं. "अर्धा तापवला होता, ताई. ट्रेलर थांबत नव्हता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नकली शिक्का म्हणा. अळीमिळी गुपचिळी. कोण सिद्ध करणार?" त्याला हाकलून द्यावं असं मला वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं, हे लिहिताना आजही लाज वाटते.

राहिला मिस्त्री. मंगळवारी त्याला बाजूला घेतलं, तर मी तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "तुमी सांगाल तसा सांगीन, ताई. मना काय म्हाईत नाय, इषय संपला." मी मान डोलावली. जाताना त्याने विचारलं, "शेठना सांगितलाव ना?" मी पुन्हा मान डोलावली. खोटं बोलायला तोंड लागतंच असं नाही.

सांगायची संधी मिळाली नाही असंही नाही. मंगळवारी संध्याकाळी चाचा आणि मी दोघंच नोंदवह्या लावत बसलो होतो. तीन वेळा मी "चाचा" म्हणाले आणि तिन्ही वेळा पुढे दुसरंच काहीतरी विचारलं. तिसऱ्या वेळी ते हसून म्हणाले, "घाबरू नको. माणसाची नीयत साफ असली की कागद साफ असतो."

बुधवारी साहेब आले. तरुण होते, आवाज न चढवणारे. ओरडणारा अधिकारी परवडला, हा शांतपणे पानं उलटत होता. त्यांनी भट्टी पाहिली, रजिस्टरातल्या तारखा बोट ठेवून वाचल्या. त्या निर्यातदाराची नोंद कुठेच नव्हती, असणारच नव्हती. मग त्यांनी वही मिटून चाचांना विचारलं, "मग तुमचा शिक्का त्या मालावर गेला कसा? कोणाला दिला होतात?"

चाचा उभे राहिले. उजवा हात छातीवर ठेवला. "साहेब, पस्तीस वर्षं या पनवेलमध्ये लाकडात आहे. आमचा शिक्का या दाराबाहेर गेलेला नाही. अल्लाहला हाजिर जाणून सांगतो."

माझ्या कानात वाफ भरल्यासारखं झालं. आत्ता बोल, आत्ता, असं आतून कोणीतरी ओरडत होतं आणि मी टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं. त्यांना ते पटलंय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. चाचांकडे बघून कोणालाही पटलं असतं.

मग त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. शिक्का तूच मारतोस ना, मग हेच तुझंही म्हणणं आहे का? मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, "हाय," म्हणाला. साहेबांनी कागद पुढे सरकवला, सही करायला सांगितली आणि बजावलं, की हे खोटं निघालं तर सगळ्यात आधी शिक्का मारणारा आत जाईल. मिस्त्रीने पेन उचललं. त्याला लिहायची सवय नव्हती. तो एकेक अक्षर कोरून सही करायचा. पहिलं अक्षर त्याने काढायला घेतलं आणि मी म्हणाले, "थांबा. शिक्का मी दिला होता."

पुढचं सगळं मी भराभर सांगून टाकलं. समोरचा, ट्रेलर, दोन तास, पेढेसुद्धा. साहेबांनी मिस्त्रीचा कागद फाडला. चाचांनी दिलेल्या जबाबावर तिरकी रेघ मारली आणि कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं ते मला दिसलं नाही. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ते त्या रेघेकडे बघत होते. शिक्का जप्त झाला, लायसन्स सहा महिने स्थगित. जाताना साहेब मला म्हणाले, "खरं सांगितलंत म्हणून सहा महिने, नाहीतर कायमचं होतं." चाचांना ते काहीच बोलले नाहीत.

शेडमध्ये आम्ही दोघं उरलो. मी रडत होते. चिडतील, ओरडतील, भागीदारी मोडतील, सगळ्याची मी तयारी केली होती. चाचा ठोकून झालेल्या एका पॅलेटवर बसले. मग म्हणाले, "मिस्त्रीची सही व्हायला लागली तेव्हा बोललीस. माझी जबान जात होती तेव्हा गप्प बसलीस."

मला मिस्त्रीची दया आली होती आणि चाचांची भीती वाटत होती, एवढंच खरं होतं. ज्याची भीती वाटते त्यालाच वाईट बातमी सगळ्यात आधी सांगायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर उशीर झाला होता.

भागीदारी मोडली नाही. सहा महिने आम्ही देशातल्या देशात जाणाऱ्या मालाचे खोके ठोकले. त्यांना शिक्का लागत नाही. एक कातकरी जोडपं वीटभट्टीवर परत गेलं. लायसन्स मिळालं, नवा शिक्का आला, तो चाचांनी आपणहून माझ्याच खणात ठेवायला लावला. त्यांचं वागणं चोख होतं, फक्त 'बेटा' गेलं आणि 'ताई, तुम्ही' आलं.

आणि एक नवी रीत सुरू झाली, ती आजही चालू आहे. रोज संध्याकाळी शेड बंद करण्याआधी ते माझ्या टेबलापाशी येऊन विचारतात, "ताई, आणखी काही सांगायचंय?"

मी नाही म्हणते. खरंच काही नसतं. तरीही ते लगेच हलत नाहीत. माझ्याकडे बघत तसेच उभे राहतात, आणि मी खण उघडून त्यांना शिक्का दाखवते.