अक्का पुढे गेली, मी परत आले

हे गेले त्या दुपारी ते कूलरचं गवत बदलत होते. मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवृत्त झालेली. यांची छाती दाबायला बसले तेव्हाच कळलं की उपयोग नाही. तरी रिक्षा येईपर्यंत दाबत राहिले. रडू आलं नाही. तेव्हा नाही, पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमले तेव्हाही नाही, नंतरही नाही.

आमचं एक ठरलेलं होतं. निवृत्तीनंतर चार-पाच महिने सलग बाहेर राहायचं. सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, बुद्धगया. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस दिवस, घाई करायची नाही. पण आधी मुलाचं लग्न आलं, मग पिंप्राळ्याच्या घराचा वरचा मजला, मग यांचा गुडघा. पुढच्या थंडीत जाऊ, असं आम्ही सात हिवाळे म्हणत राहिलो.

ते गेल्यावर आठ-नऊ महिन्यांनी दोंडाईच्याहून माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. वय चौऱ्याहत्तर, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडून तिने घर चालवलं. दुपारचे तीन वाजले होते आणि मी पलंगावर बसले होते.

"जेवनी का तू?" तिने विचारलं.

मला आठवेना. अक्का स्वयंपाकघरात जाऊन भांडी बघून आली आणि समोर बसली.

"तुमनं जावानं ठरेल व्हतं ना? मंग चाल. मी येस."

मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू एकोणसत्तर, मावशी चौऱ्याहत्तर. बीपी आहे, साखर आहे. चार महिने कसले? आठ दिवसांची एखादी टूर करा."

मला त्याचं पटलं. वॉर्डात मीच कितीतरी नातेवाइकांना सांगितलं होतं, आता यांना लांबचा प्रवास नको. सांगताना त्या पेशंटच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

अक्काने फोन घेतला. "मरन घरमा बी शे, गाडीमा बी शे. घरमा बसीसन कोन वाचनं?"

मुलाने निघायची तारीख विचारली. त्याचे वडील घरातच गेले होते.

मी निघाले ती हौसेने नाही. नको म्हणायलाही ताकद लागते, ती नव्हती. बीपीचं मशीन, गोळ्यांचे डबे, ड्रेसिंगचं सामान, सगळं अक्कासाठी म्हणून भरलं. तिला सांभाळायचं, एवढं एक काम मी स्वतःला लावून घेतलं. अक्काच्या पिशवीत दोन लुगडी, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि मिरचीचा ठेचा होता. जळगाव स्टेशनवर गाडीत चढताना तिने माझी बॅग वर ओढून घेतली.

सारनाथला आम्ही अठरा दिवस राहिलो. सकाळ-संध्याकाळ मी अक्काचं बीपी बघायची. चांगलं असायचं. स्तूपासमोर तिने डोकं टेकलं आणि बराच वेळ रडली. मी विटा पाहिल्या. चांगल्या भाजलेल्या होत्या.

कुशीनगरला मोठी निजलेली मूर्ती आहे. लोक तिच्याभोवती हळू पावलांनी फिरत होते, काहींचे डोळे भरलेले. माझ्या मनात आलं, कुशीवर निजवलंय, श्वासाला बरं पडतं. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी उठले नाही. ताप नव्हता, काही दुखतही नव्हतं. नऊ दिवस मी धर्मशाळेच्या खोलीत पडून राहिले. अक्का खाली स्वयंपाकघरात भाकरी थापायला जाऊ लागली. तिची हिंदी निम्मी अहिराणी, पण लोकांना ती समजायची. अकोल्याकडच्या तीन बायकांशी तिची गट्टी जमली. त्या पुढे बुद्धगया करून पुरीपर्यंत जाणार होत्या.

दहाव्या दिवशी ती माझ्या उशाशी येऊन बसली.

"तुले घर जानं शे का?"

"हो."

"मंग तू जाय. मी फुढे जास."

"अक्का, तुझं वय तरी बघ..."

"माले म्हाईत शे मनं वय," ती म्हणाली. "म्हनीसनच जास."

बीपीचं मशीन मी तिला देऊ केलं. तिने घेतलं नाही.

मुलगा मला घ्यायला जळगावला आला होता. "म्हटलं होतं ना, या वयात झेपत नाही." मी मान हलवली. गुडघे, दम, साखर, सगळं ठीक होतं. वयाने मला अडवलंच नव्हतं. पण ते त्याला समजावून सांगायचं म्हणजे कितीतरी बोलावं लागलं असतं. कॉलनीत मला सिस्टर म्हणतात; तिथेही तेच झालं, सिस्टरना झेपलं नाही.

अक्का आणखी तीन महिने फिरत होती. कुणाच्या तरी फोनवरून अधूनमधून बोलायची. एकदा म्हणाली, "समुद्र दखा मी."

"कसा आहे?"

"बठ्ठं पानीच पानी," असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

ती परत आली तेव्हा मी दोंडाईच्याला स्टेशनवर गेले. उन्हाने काळी पडली होती, वाळली होती, लंगडत होती. अंगठ्याला कसलंतरी फडकं बांधलेलं. घरी नेऊन मी जखम उघडली. आठवडाभराची तरी असावी, कडेने पिकलेली. मी धूत होते आणि ती मला सांगत होती, कुठल्या गावी किती थंडी, कोण भांडली, कोणी पांघरूण दिलं. ऐकता ऐकता मला राग आला. तिचा आला, यांचाही आला, त्या सात हिवाळ्यांचा आला. हात जड पडला असावा.

"हळू वं माय," अक्का कळवळली.

सव्वा वर्षात मला पहिल्यांदा काही आलं, ते हे. चांगलं नव्हतं, पण होतं.

जखम भरेपर्यंत मी तिच्याकडे राहिले. निघताना विचारलं, पुढच्या थंडीत माझ्याबरोबर बुद्धगयेला येशील का. ती पायाकडे बघत राहिली. "आते मनाकडथीन नही व्हवाव. मनं व्हई गयं. तू जाय."

म्हणून सत्तराव्या वर्षी मी एकटी गेले. मुलगा चिडला, मग त्यानेच खालचा बर्थ बघून तिकीट काढून दिलं. बुद्धगयेला महिनाभर राहिले. कुठे काही उजळलं, मन भरून आलं, असं झालं नाही. सकाळी विहाराच्या पायऱ्यांशी बसायची, दुपारी खोलीवर यायची, कपडे धुवायची. शेजारच्या खोलीतल्या एका बाईला शुगर तपासायला शिकवलं. महिना संपल्यावर राजगीरला जायचं ठरवलं आणि मुलाला फोन करून कळवलं. विचारलं नाही.