दारातली किटली

रांगोळीत किटली काढणं सोपं नाही, हे आधीच सांगते. तोटी जरा जास्त वाकली की तिचं बदक होतं. पहिल्या सकाळी आमच्या गल्लीत निदान दहा दारांपुढे बदकं होती. आमचे हे दूध आणायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "छान. निवडून आल्यावर तुमची बाई तळंही बांधेल."

ही बाई म्हणजे आमच्याच गल्लीतली एक सून, घरी ब्लाउज शिवणारी. आमची वाघोली पुणे महापालिकेत गेली तरी आमच्याकडे पाणी टँकरनंच यायचं. ते नळाला यावं म्हणून ही एकटी कचेरीत खेटे घालायची. तिकीट कुणी दिलं नाही, म्हणून अपक्ष उभी राहिली. चिन्ह मिळालं किटली. समोरच्या उमेदवाराचे फ्लेक्स चौकाचौकात, हिचं नावही कुणाला ठाऊक नाही. मीच म्हटलं, फ्लेक्स नसेना, दारं तर आपली आहेत! रोज सकाळी दारात किटली काढायची. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे, हिच्यामागे माणसं आहेत.

घरोघर मीच फिरले. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक भाडेकरू बाई दोन मुलींना घेऊन राहायची. तिचा घरमालक म्हणजे त्या फ्लेक्सवाल्याचा सख्खा मेव्हणा. ती म्हणाली, "मावशी, मालकांनी पाहिलं तर?"

"अगं, तुझ्या एकटीच्या दारात आहे का? आणि ही शब्द फिरवणारी नाही. निवडून आली की तुझ्याही पाठीशी उभी राहील. मी सांगते ना!"

माझ्या सांगण्यावर तिनं काढली. तिची किटली सगळ्यांत देखणी, बदक म्हणायची कुणाची हिंमत नाही.

उमेदवारबाई रोज सकाळी यायची आणि मोबाइलवर प्रत्येक दाराचा फोटो काढायची. "मावशी, जरा बाजूला व्हा, घराचा नंबरही येऊ दे." मला वाटलं, पोरगी कौतुकानं काढतेय. मी पदर सारखा करून उभी राहायचे.

मतदानाला तीन दिवस राहिले आणि दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. आमची बाई त्या फ्लेक्सवाल्याच्या शेजारी स्टेजवर, अंगावर शाल. जाहीर पाठिंबा! मागच्या पडद्यावर आमची दारं एकामागून एक सरकत होती, नंबरासकट. तो माइकवर म्हणतोय, "ताईंनी ही सगळी घरं आमच्या झोळीत टाकली." त्यात मीही, पदर सारखा केलेली.

तशीच तिच्या घरी गेले. ती मशीनवर बसली होती.

"बसा ना, मावशी."

"बसायला नाही आले. आमची दारं तू परस्पर देऊन आलीस?"

"मी निवडून आले असते का? खरं सांगा. रांगोळ्या दिसल्या म्हणून तर त्यांनी मला बोलावलं. पाणी देतो म्हणालेत. तेच हवं होतं ना आपल्याला?"

"मग आधी विचारायचंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"आणि ती समोरची? तिचं दार मालकाला दाखवलंस की गं!"

तिनं हातातलं कापड उलटं-सुलटं केलं. "ते माझ्या लक्षातच नाही आलं, मावशी."

मी तशीच घरी परतले. मतदानाच्या मशीनवर किटली होतीच, इतक्या उशिरा पाठिंबा दिला तर नाव काही निघत नाही म्हणे. माझं बोट तिच्यापर्यंत गेलं आणि मागे आलं.

फ्लेक्सवाला निवडून आला आणि नळाला पाणी आलं, खोटं कशाला बोलू? सकाळी सहाला येतं, जोरात येतं. पण त्याच्या आधीच त्या भाडेकरूला मालकानं खोली सोडायला सांगितली. रांगोळीचा शब्दही काढला नाही त्यानं. भाचा येणार आहे राहायला, एवढंच. मुलींची शाळा अर्ध्यावर, आणि ती विश्रांतवाडीला बहिणीकडे निघाली.

टेम्पो आला तेव्हा मी गेले. एक खोकं उचललं आणि म्हटलं, "अगं, मला काय ठाऊक, ती असं करेल..."

"हो ना मावशी. तुम्हाला कुठे ठाऊक होतं." आवाजात राग नव्हता. तिनं ते खोकं माझ्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या. त्यात काचेचं सामान आहे."